आधी केबल तपासूया



गेल्या महिन्यात आम्ही सेवेची गाडी सांबरा रस्त्यावरच्या एका गॅरेजात नेली. इंजिनचा पिवळा दिवा जातच नव्हता. मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये केबल लावली, दुसरं टोक लॅपटॉपला. केबलवरचा दिवा पेटला, पण गाडी काही बोलेना. आम्ही लगेच म्हणालो, "गाडीचा कॉम्प्युटरच गेला असणार!"

तो म्हणाला, "थांबा की काकू. आधी केबल बघतो."

तीच केबल त्याने शेजारच्या चांगल्या गाडीला लावली. तिथेही तेच! मग मीटरने एकेक तार तपासली. 16 नंबरच्या पिनवर बॅटरीची वीज येते, म्हणून दिवा पेटतो. निरोप मात्र 6 आणि 14 नंबरवरून येतो. त्यातली 6 ची तार प्लगजवळ वाकून वाकून आतून तुटलेली, वरचं आवरण शाबूत. तेवढी तार सोल्डर केली आणि गाडी बोलू लागली.

परत येताना आम्ही गप्पच होतो. भांड्यांच्या सेवेतल्या एक ताई दोन महिने उशिरा येत होत्या. "त्यांचं सेवेत मनच नाही," असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. आम्ही मानही हलवली होती. म्हणजे दिवा पेटला होता, तार तुटली होती.

मग समोरच्याची चूक कधी नसतेच का? तसं नाही. केबल नीट झाल्यावर गाडीतला एक सेन्सर खराब निघालाच. पण तेवढाच. आम्ही तर अख्खा कॉम्प्युटर बदलायला निघालो होतो! ताईंचा उशीरही खराच होता. त्यावर उपाय टोमणे नव्हता, संध्याकाळची पाळी होता. आता त्या वेळेवर येतात.

दोष कुणाचा, हे ओळखायचं कसं? मेकॅनिकसारखंच. एकाशीच जमत नसेल तर खोट कुठेही असेल. पण नवरा, सून, शेजारीण, सगळ्यांतच खोट दिसू लागली, तर केबल आपलीच.

या आठवड्याचा अभ्यास: रोज घरातल्या एकाचं बोलणं पूर्ण ऐकायचं आणि उत्तर देण्याआधी विचारायचं, "तुम्हाला असंच म्हणायचंय ना?" अनुभव पुढच्या सत्संगात बोलू.

जय गुरुदेव 🌼