नंबर प्लेट कुणासाठी असते?

“मी गाडी चालवत नाहीये, मी प्रवास करतोय.”

अमेरिकेतल्या कुठल्याशा हायवेवर पोलिसानं गाडी अडवलीय आणि आतला माणूस काच दोन बोटं खाली करून हे ऐकवतोय, असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आले असतील. गाडीला सरकारी नंबर नसतो. त्या जागी ‘खासगी, व्यापारी वापरासाठी नाही’ अशी स्वतःच करून घेतलेली पाटी असते. लायसन्सही नसतं. ‘सॉव्हरिन सिटिझन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांचं म्हणणं असं : ‘ड्रायव्हिंग’ म्हणजे पैसे घेऊन माल किंवा माणसं वाहणं. मी फक्त फिरतोय. फिरणं हा हक्क आहे आणि हक्काला परवाना लागत नाही. मी सरकारशी कुठला करार केलेलाच नाही.

पुढे बहुतेकदा काच फुटते, बेड्या पडतात. आपण हसतो आणि पुढचा व्हिडिओ लावतो.

पण त्यातलं शेवटचं वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही. खरंच, करार केला कधी? जन्मलो, वाढलो, आणि एक दिवस कळलं की कायदे आपल्याला लागू आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकनं यावर उत्तर दिलं होतं : सही नसली तरी मूक संमती असते. राज्याच्या हद्दीतल्या हमरस्त्यावरून नुसतं मोकळेपणानं जाणं हीसुद्धा त्याच्या मते मूक संमतीच. म्हणजे ‘मी फक्त प्रवास करतोय’ हा बचाव लॉकच्या हिशेबात कबुलीजबाब ठरतो! १७४८मध्ये डेव्हिड ह्यूमनं या उत्तरातली हवा काढली. झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाला ‘तू उतरत नाहीस, म्हणजे कप्तान तुला मान्य आहे’ असं म्हणणं किती खरं? उतरायचं तर समुद्रातच उडी मारावी लागेल.

मला ह्यूमचं पटतं. आपली संमती कुणी विचारलेली नाही. तरीही नंबर प्लेट काढून टाकायचा हक्क त्यातून मिळत नाही. कारण या सगळ्या वादात दोनच पात्रं आहेत, मी आणि सरकार. तिसरं पात्र झेब्रा क्रॉसिंगवर उभं आहे.

तिनं तरी तुमच्याशी कुठे करार केलाय? दीड टन लोखंड तिच्यापासून हातभर अंतरावरून भरधाव जाणार, याला तिची संमती कुणी घेतली? संमतीशिवाय काहीच लादायचं नाही हे तत्त्व मानायचं, तर आधी रस्त्यावरच्या प्रत्येकाला विचारायला हवं. ते अशक्य आहे. म्हणून एक कामचलाऊ तोडगा निघाला : तुम्हाला ब्रेक लावता येतो हे कुणीतरी तपासेल, आणि धडक बसलीच तर तुम्ही सापडाल अशी खूण गाडीवर राहील.

१८९९मध्ये न्यूयॉर्कमध्ये ट्रॅममधून उतरलेले हेन्री ब्लिस एका विजेवर चालणाऱ्या टॅक्सीखाली सापडून गेले. १९०१मध्ये त्याच राज्यानं गाड्यांची नोंदणी सक्तीची केली. गंमत म्हणजे सुरुवातीला तिथेही पाटी मालकानंच करून घ्यायची होती, तिच्यावर स्वतःची आद्याक्षरं घालून. पाटी घरची असायला हरकत नव्हती. ती वाचून माणूस सापडला पाहिजे, एवढंच.

या चळवळीचा एक लाडका निकाल आहे, १९३०चा, व्हर्जिनियातला ‘थॉम्प्सन विरुद्ध स्मिथ’. गाडीतून फिरणं हा नागरिकाचा हक्क आहे, हे त्यातलं विधान सारखं पुढे केलं जातं. पण त्याच निकालात पुढे म्हटलंय की सर्वांना सारख्या लागू असलेल्या नियमांनी परवाने देता येतात, नाकारता येतात, रद्दही करता येतात. न्यायालयाचा आक्षेप होता तो पोलीसप्रमुखाच्या मर्जीवर परवाना रद्द करण्याला. नोंदणी आणि लायसन्स सक्तीचं करायचा राज्यांचा अधिकार तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९१५मध्येच मान्य केला होता.

मर्जीचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि राग तिथूनच येतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दंड भरला नाही म्हणून लायसन्स निलंबित होत आलंय. गाडी नीट चालवणारा, पण खिसा रिकामा असलेला माणूस. बस नाही, कामावर तर जायचंय. तो तसाच गाडी काढतो, पुन्हा पकडला जातो, पुन्हा दंड. इथे लायसन्स ब्रेकबद्दल काही सांगत नाही, ते वसुलीचं हत्यार झालेलं असतं. कॅलिफोर्नियानं २०१७मध्ये वाहतूक दंडासाठी हे थांबवलं. त्याआधी १९७९मध्ये ‘डेलावेअर विरुद्ध प्राउज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की संशयाला काहीही आधार नसताना, निव्वळ कागद बघायला, लहर लागेल ती गाडी पोलिसांना अडवता येणार नाही. या दोन्ही गोष्टींनी गाडीवाल्याचं स्वातंत्र्य खरोखर वाढलं, आणि पादचाऱ्याचं काही गेलं नाही.

मग सरकारला नाही म्हणायचंच नाही का? म्हणावं. हेन्री डेव्हिड थोरोनं गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारचा कर नाकारला आणि १८४६मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. पण रस्त्याचा कर तो भरत राहिला. सरकारशी भांडण होतं, शेजाऱ्यांशी नव्हतं. केंटकीतल्या काही आमिश लोकांनीही नकार दिला. घोडागाडीच्या मागे भडक नारिंगी त्रिकोण लावायचा कायदा होता, आणि असा भडकपणा त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हता. दंड भरायलाही नकार देऊन २०११मध्ये त्यातले काहीजण तुरुंगात गेले. घोडागाडी म्हणजे वाहनच नव्हे, असला शब्दखेळ त्यांनी केला नाही. रंग नको, त्याऐवजी प्रकाश परावर्तित करणारी साधी पट्टी लावू, एवढंच मागणं होतं. २०१२मध्ये विधिमंडळानं कायदा बदलून ती पट्टी मान्य केली.

नकार त्यांचाही होता, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला अंधारात त्यांची गाडी दिसावी, ही जबाबदारी मात्र त्यांनी झटकली नाही. ‘प्रवास’ करणाऱ्याच्या पाटीपाशी मी अडतो तो इथेच. तो धडक देऊन निघून गेला, तर रस्त्यावर पडलेल्या बाईनं ती पाटी वाचून कुणाला शोधायचं?