केशराच्या काडीकडून किती मागावे?

दिवाळी सरली की धामणगाव रेल्वेच्या शिवारात कापसाची वेचणी भरात येते. घरचे आटोपून बाया वावराकडे निघतात आणि जिनिंगच्या वाटेला गाड्या लागतात. नेमक्या याच सुमारास काश्मिरात, पांपोरच्या पठारावर, केशराची जांभळी फुले खुडली जातात. तीही पहाटे, ऊन लागून मलूल होण्याआधी. एका फुलात तांबड्या काड्या तीनच. सुमारे दीड लाख फुले हातांनी खुडून, निवडून, वाळवावी तेव्हा कुठे किलोभर केशर हाती येते. बोंडाबोंडातून कापूस वेचणाऱ्या गावाला या कष्टांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

हे केशर आता सकाळच्या चहातही आले आहे. केशराच्या चहाने मन प्रसन्न होते, उदासी जाते, झोप सुधारते, असे जो तो सांगतो. त्यात तथ्य किती, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

केशराचा रंग क्रोसिनमुळे, कडवट चव पिक्रोक्रोसिनमुळे आणि सुगंध सॅफ्रानालमुळे. तेहरानच्या डॉक्टरांनी सौम्य ते मध्यम नैराश्याच्या रुग्णांना केशराच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या, रोज ३० मिलिग्रॅम, सहा आठवडे. औषध नसलेल्या नुसत्या कॅप्सूलपेक्षा त्यांचा गुण जास्त आला. म्हणजे केशराचा मनाशी संबंध आहे, ही नुसती समजूत नव्हे. पण हे प्रयोग थोड्या माणसांवर, थोड्या आठवड्यांचे होते. शिवाय दीड लाख फुलांचा हिशेब मांडला तर एक काडी जेमतेम दोन मिलिग्रॅमची भरते. आपल्या कपात पडतात चार-पाच काड्या, आणि त्याही अर्काच्या नव्हेत. म्हणून कपातल्या केशराला औषध म्हणू नये. मनाला बरे वाटावे असे एक चांगले पेय म्हणावे, आणि तेवढ्यानेही त्याचा मान कमी होत नाही.

ते नीट केले मात्र पाहिजे. काड्या बोटांनी किंचित चुरून कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजू द्याव्यात. खळखळ उकळल्या तर सुगंध वाफेबरोबर निघून जातो. दुधा-साखरेच्या कडक चहात केशर हरवते. कोऱ्या, फिक्या चहात किंवा नुसत्या गरम पाण्यात ते खुलते. दिवसभरातल्या गोड चहांपैकी एक कप कमी करून त्या जागी हा बिनसाखरेचा घेतला, तर साखर कमी झाल्याचा फायदा खात्रीचा. आयुर्वेद केशराला उष्ण मानतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात ते अधिक मानवते, हा घरोघरचा अनुभव आहे. गरोदर बायांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या किंवा नैराश्यावरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेमाने घेऊ नये.

विकत घेतानाही डोळे उघडे हवेत. केशर म्हणून करडईच्या वाळलेल्या पाकळ्या किंवा रंगवलेले मक्याचे केस गळ्यात मारले जातात. खरी काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंद असते. पाण्यात ती सावकाश पिवळा रंग सोडते आणि स्वतः तांबडीच राहते. रंग पटकन सोडून जी पांढुरकी पडते, ती खोटी. करडईच्या फुलाला मात्र यात दोष नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-६’ हे बिनकाट्यांचे वाण दिले, त्याच्या पाकळ्या सहज खुडता येतात. त्या पाकळ्या करडई म्हणूनच विकल्या, तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतील आणि घेणाऱ्याचीही फसवणूक होणार नाही.

शेवटी मनाची गोष्ट. आपल्या भागात पाऊस फिरतो, भाव पडतो, कर्ज डोक्यावर बसते आणि धडधाकट माणूस आतून खचत जातो. त्याला केशर नव्हे, माणूस लागतो. त्याच्याजवळ बसायला, ‘कसं काय चाललं भाऊ?’ असे विचारायला आणि तो बोलेल ते उपदेश न करता ऐकून घ्यायला. चहा हे त्यासाठीचे चांगले निमित्त आहे, साधा असो की केशराचा. दोन-दोन आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर कपावर भागवू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आज सकाळी चहा मांडाल तेव्हा गप्प-गप्प झालेल्या एखाद्या शेजाऱ्याला आवर्जून हाक मारा, आणि हा क्रमांक त्याच्याजवळ असू द्या.