आंब्याची सावली कुणावर पडते?

आंबा लावायचा तो फळासाठी. सावली आणि सुवास मागोमाग येतात. आपस्तंब धर्मसूत्रात हा दाखला आहे. धर्म धर्मासाठी आचरावा, लौकिक लाभ आपसूक होतोच, असा त्याचा रोख. शास्त्रकार अशा फळाला ‘आनुषंगिक’ म्हणतात. मराठीत हा शब्द आज बहुधा सरकारी फायलीतल्या ‘आनुषंगिक खर्चा’तच भेटतो.

पण बांधावरच्या आंब्याची सावली शेजाऱ्याच्या ज्वारीवर पडली, की तिला काय म्हणायचे? आपस्तंबाला हा प्रश्न पडला नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाला पडला.

1985 साली कॅलगरीच्या ‘बिग एम ड्रग मार्ट’ या दुकानाच्या खटल्यात न्यायालयाने 1906चा रविवारबंदीचा कायदा रद्द केला. त्याचा हेतूच धार्मिक असल्याने परिणामांपर्यंत जायची गरज उरली नाही. तरी कायदा तपासताना हेतू आणि परिणाम दोन्ही महत्त्वाचे, हे न्यायालयाने तेव्हाच बजावले.

खरी अडचण हेतू स्वच्छ असतो तेव्हाची. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातले हटराइट हे सोळाव्या शतकातल्या एका ख्रिस्ती पंथाचे वारस. जमीन, घरे, गाड्या, सगळे सामाईक. दहा आज्ञांपैकी दुसरी आज्ञा प्रतिमेला मनाई करते, म्हणून त्यांच्यापैकी अनेक जण स्वतःचा फोटो काढू देत नाहीत. 1974 पासून त्यांना बिनफोटोचे ड्रायव्हिंग लायसन्स मिळत असे. ओळखचोरी रोखायला चेहऱ्यांचा संग्रह करायचा म्हणून 2003 मध्ये प्रांताने ही सवलत काढून घेतली. हटराइटांची एक वसाहत, विल्सन कॉलनी, न्यायालयात गेली आणि 2009 मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हरली.

सर्वांच्या हितासाठी केलेल्या कायद्याची आनुषंगिक झळ एखाद्या धर्माचरणाला निवडीला वावच न उरण्याइतकी बसू शकते, हे सरन्यायाधीश मॅक्लॅक्लिन यांनी मान्य केले. इथे मात्र तसे नाही, असे बहुमताचे म्हणणे: वाहन चालवणे हा हक्क नाही, बाहेरचा ड्रायव्हर ठेवता येईल. नोकरदाराला सोपा वाटणारा हा उपाय! पण बाहेरच्यांवर विसंबायचे नाही, हा हटराइटांच्या श्रद्धेचाच भाग. हेतूच्या बाजूने पाहिले तर झळ किरकोळ, कॉलनीच्या बाजूने पाहिले तर जगण्याच्या मुळावर येणारी. ‘आनुषंगिक’ म्हणताना आपण हेतू सांगतो. झळ किती, हे त्यातून कळत नाही.

विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती अबेला यांनी आकडेच मांडले. बिनफोटोची लायसन्से साडेचारशेच्या आसपास. ज्यांच्याकडे लायसन्सच नाही, म्हणून ज्यांचे चेहरे त्या संग्रहात येणारच नव्हते, असे अल्बर्टावासी सात लाखांहून अधिक.