शून्य ते एकशेऐंशी

कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला एक पोरगी होती. हात छान होता, पेन्सिलीनं काढलेली रेघ बघत राहावी अशी. पण वर्गाला ऱ्हायनो आणि ग्रासहॉपर या सॉफ्टवेअरांचं वेड लागलं तेव्हा तीही त्यात शिरली. ग्रासहॉपरमध्ये खांब काढायचा नसतो. खांब कसा तयार व्हावा त्याचे नियम मांडायचे, ठोकळ्याला ठोकळा तारेनं जोडायचा आणि आकडे स्लायडरवर ठेवायचे. स्लायडर ओढला की अख्खी इमारत डोळ्यांदेखत कूस बदलते. तयार ठोकळे पुरले नाहीत, तर पायथनच्या चार ओळी लिहायच्या.

सरावासाठी तिनं खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप घेतला. वर सुमारे 13 फूट व्यासाचं उघडं वर्तुळ, त्याखाली गोलात 12 खांब. खांबांचा स्लायडर तिनं मागं ओढला. 12 चे 7 झाले, 3 झाले, शेवटी एकही उरला नाही, तरी दगडी कडं जागच्या जागी. मित्रमैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या.

त्याच जोरावर तिनं प्रकल्पात चौकावरचं छत घेतलं. लाटेसारखं उसळणारं, लोखंडी नळ्यांचं, आणि नळ्या जिथं भेटतात तिथं ओतीव पोलादाचे 84 सांधे. एकही दुसऱ्यासारखा नाही, याचाच तिला अभिमान. ओतकाम तर गावातच होतं, म्हणून मामानं तिला उद्यमनगरात पॅटर्नवाल्या अण्णांकडं धाडलं. वाळूत साचा उठवायला जो लाकडी नमुना लागतो, तो करण्यात अण्णांचं आयुष्य गेलेलं.

अण्णांनी सागवानाचा भुसा हातानं सारून लॅपटॉपला जागा करून दिली. बघितलं. "झ्याक दिसतंय," म्हणाले आणि माप घ्यायला पट्टी काढली. पोरीनं आपली पट्टी शेजारी धरली, तर अण्णांचा फूट तिच्या फुटापेक्षा लांब.

"अण्णा, तुमची पट्टी चुकलीया."

"चुकली न्हाई. पोलादाची हाय ती. बिडाची येगळी." धातू गार होताना आकसतो. बिडाला फुटामागं अष्टमांश इंच, पोलादाला त्याच्या दुप्पट धरायची रीत. दर मापाला गणित कोण करत बसणार, म्हणून पट्टीच तेवढी लांब केलेली.

पोरगी खूश झाली. "एवढंच ना? मी गुणाकार घालतो की त्यात!" (कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात.) आणि घातलाही, अर्ध्या मिनिटात.

अण्णा काही बोलले नाहीत. पडद्यावरच्या सांध्यात दोन नळ्या जिथं अगदी जवळ येत होत्या, तिथं त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो कोन किती बारीक हुतो?"

तिनं स्लायडर ओढला. 60, 40, 15, 4. दोन्ही नळ्या एकमेकींत विरघळल्या. पडद्यानं हूं की चूं केलं नाही.

"ह्याची हद्द कुणी ठरवली?"

"मीच. शून्य ते एकशेऐंशी."

"का?"

कोन म्हणजे शून्य ते एकशेऐंशी, यापलीकडं तिच्याकडं उत्तर नव्हतं. अण्णांनी खिडकीतनं एक कापलेलं कास्टिंग उचलून तिच्या हातात दिलं. बाहेरून घोटीव, गुळगुळीत. कापलेल्या तोंडावर मात्र, दोन भुजा मिळतात तिथंच, चिंचोक्याएवढी पोकळी, आत खरखरीत. जिथं धातूचा गोळा होतो तिथं तो सगळ्यात शेवटी गार होतो, आणि आकसताना त्याला आणखी धातू मिळाला नाही तर आतून रिता राहतो. "असल्या जाडीला मी तिसाच्या खाली कधी गेलो न्हाई," अण्णा म्हणाले. "आन् चौऱ्याऐंशी सांध्यांना चौऱ्याऐंशी पॅटर्न? अगं, एकातनं शेकडो निघावीत म्हणून तर पॅटर्न करायचा!"

घरी येऊन तिनं स्लायडरचं खालचं टोक तीसवर आणलं. निम्मे ठोकळे लाल झाले, छत फाटलं. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. खरं तर बिघडलं काहीच नव्हतं. स्क्रिप्टला पहिल्यांदाच काहीतरी ठाऊक झालं होतं. वास्तुकार गाउदीनं बार्सिलोनाजवळच्या चर्चसाठी दोऱ्यांना वजनं टांगली आणि ते चित्र उलटं करून कमानी शोधल्या. त्याच्या दोऱ्याला वजन सोसावंच लागत होतं. हिच्या तारांवर कसलंच ओझं नव्हतं, ते तिलाच घालावं लागणार होतं.

मग ती खिद्रापूरला गेली आणि या खेपेला कॅमेरा न काढता दोन खांबांमधलं अंतर बघत बसली. दगड दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. आडवा टाकलेला दगड मोडणार नाही, एवढ्याच अंतरावर पुढचा खांब यायला हवा होता.

तिनं स्क्रिप्ट पुन्हा लिहायला घेतली, आता आकारापासून नाही, हद्दींपासून. जवळजवळचे कोन गोळा करून त्यांचे गट पाडले. छताची सगळ्यांना आवडलेली उसळी बरीच खाली आली, 84 सांध्यांचे 6 प्रकार उरले. बाकीचा फरक नळ्यांच्या लांबीत गेला. नळी काय, करवतीनं कापता येते. मार्गदर्शकांना पहिलं छत जास्त आवडलं होतं. तसं ते म्हणालेही.

अण्णांनी नवं छत बराच वेळ बघितलं आणि माउस स्वतःकडं घेतला. कोनाचा स्लायडर खाली ओढला, तो तीसवर अडला. पुन्हा ओढला, पुन्हा अडला. अण्णा हसले.

"आता बिडासाठी करून दाव."

"बिडाला किती धरू?"

"असला सांधा बिडात मी केला न्हाई. फौंड्रीत भट्टीवर जो हाय, त्याला जाऊन इचार. आन् तवर तिथं कायबी आकडा घालू नगंस."

तिनं वहीत भट्टीवाल्याचा पत्ता लिहून घेतला.