जनुकांच्या आड

"काळ्या माणसांत प्रोस्टेटचा कॅन्सर जास्तच असतो, जनुकंच तशी." अमेरिकेत डॉक्टरकी करताना हे वाक्य माझ्या तोंडी सहज येतं. ते खोटं नाही. आठव्या गुणसूत्रावरचे काही बदल आफ्रिकी वंशाच्या पुरुषांचा धोका वाढवतात, हे संशोधनातून दिसलं आहे. तरी मला या वाक्याची धास्ती वाटते. ते उच्चारलं की माझ्यावरचा भार उतरल्यासारखा होतो, आणि तो उतरायला नको.

इथे दर ८ पुरुषांत एकाला हा कॅन्सर होतो, कृष्णवर्णीयांत दर ६ जणांत एकाला. त्याने मरण्याचं प्रमाण मात्र गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक. निवृत्त सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत उपचारांच्या आड पैसा फारसा येत नाही. तिथेही काळ्या सैनिकांना हा आजार जास्त होतो. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की, सारखे उपचार मिळाले की मृत्यूंमधली तफावत जवळपास मिटते. म्हणजे उरलेलं अंतर माणसांनी पाडलेलं आहे: विमा नाही, बायोप्सीसाठी रजा मिळत नाही, निदानाला उशीर होतो, आणि आजाराचा टप्पा तोच असूनही शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन कमी वेळा मिळतं. हे निर्णय घेणाऱ्यांत मीही आहे.

माझी परीक्षा कुठे होते, ते मला ठाऊक आहे. छोट्याशा भेटीत रक्तदाब, साखर, गुडघेदुखी आटोपते. रुग्ण उठतो, टोपी डोक्यावर ठेवतो आणि जाता जाता म्हणतो, "रात्री लघवीला फार उठावं लागतं. वय झालं, दुसरं काय?" बहुतेकदा ती ग्रंथीची साधी वाढ असते, कॅन्सर सुरुवातीला काही सांगतच नाही. पण बोलायला वाट झालेली असते. वडील कशाने गेले, असं विचारलं तर उत्तर येतं, "खाली कुठेतरी काहीतरी होतं. घरात कोणी बोलायचं नाही." बाहेर पुढचा रुग्ण ताटकळत असताना मी हे शेवटपर्यंत ऐकतो का?

ऐकल्यावर काय सांगायचं, हेही सोपं नाही. प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीत पीएसए हे प्रथिन वाढलेलं दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. प्रत्येक कॅन्सर जीव घेत नाही, आणि उपचारांनी लघवीवरचा ताबा किंवा कामशक्ती जाऊ शकते. म्हणूनच २०१२ साली इथल्या तज्ज्ञ समितीने ही तपासणी सरसकट करू नका असं सांगितलं. २०१८ साली ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, असं म्हणत तो सल्ला मवाळ केला. पण त्या सल्ल्याचा आधार असलेल्या मोठ्या चाचण्यांत काळे पुरुष अगदी थोडे होते. पुरावा मुख्यतः इतरांच्या शरीरांवरून गोळा झाला आहे, हे समोरच्याला सांगणं माझं कर्तव्य आहे. ते न सांगता घेतलेली संमती अपुरी आहे.

तो माझ्यावर विश्वास ठेवेलच असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या काळ्या पुरुषांना नुसतं पाहत ठेवलं, पेनिसिलिन हाताशी असतानाही. त्या पुरुषांच्या लेकी-सुना अजून हयात आहेत. तेव्हाचे कृष्णवर्णीय संरक्षणमंत्री लॉईड ऑस्टिन यांनीसुद्धा २०२३ च्या डिसेंबरमध्ये आपला प्रोस्टेट कॅन्सर राष्ट्राध्यक्षांपासून लपवला. पुढे त्यांनी जाहीरपणे चूक मान्य केली आणि काळ्या पुरुषांना तपासणी करून घ्या असं सांगितलं. इतक्या मोठ्या पदावरच्या माणसाला जे बोलवेना, ते बसचालकाने माझ्याशी आपणहून बोलावं, ही अपेक्षा मला ठेवता येत नाही.

आणि माझं मन? गोरी सून शोधणाऱ्या घरांत ते वाढलं. इथल्या मराठी घरांतही "त्या वस्तीत घर घेऊ नका" हा सल्ला काळजीच्या सुरात दिला जातो. क्लिनिकच्या दारात चपलांसारखे हे संस्कार काढून ठेवता येत नाहीत. म्हणून मला माझ्या सद्भावनेवर विसंबून चालणार नाही. कामाचा हिशेब मागावा लागेल. माझ्याकडे येणाऱ्या, पंचेचाळिशीला पोचलेल्या प्रत्येक काळ्या पुरुषाशी हे बोलणं झालं का? तपासणीचे फायदे आणि तोटे दोन्ही सांगितले का? पीएसए वाढलेला माणूस पुढच्या तपासणीला पोचला की मध्येच गळाला? तो गळाला असेल, तर फोन मी करायचा आहे.