परिपथात पहिला नंबर नसतो

एका विद्युतघटाला दोन सारखे दिवे एकसर जोडले, तर जास्त कोणता उजळेल? वर्गात विचारून बघा. बरेच हात एकाच उत्तरासाठी वर जातात: घटाच्या जवळचा. त्याने वीज आधी घेतली, उरलीसुरली पुढच्याला. उत्तर चूक आहे, पण निर्बुद्ध नाही. रांगेत उभे राहायला शिकूनच आपण शाळेत पोचलेलो असतो.

दिवे सारखेच उजळतात. वर्तुळाला आरंभ नसतो, म्हणून परिपथात पहिला नंबरही नसतो.

सायकलची साखळी बघावी. पायडलवर पाय पडला की मागचे चाक फिरते. पुढची कडी मागे येऊन पोचेपर्यंत ते थांबत नाही. कितीही मोठा चढ असो, साखळीतली एकही कडी खर्च होत नाही. दमतो तो पाय मारणारा.

इलेक्ट्रॉन तर कड्यांहून फार मंद. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहते, तेव्हा ते सेकंदाला सरासरी ०.०७ मिलिमीटर सरकतात. एक मीटर काटायला जवळपास पावणेचार तास. घरातल्या विजेत तेही नाही. तिथे ते सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होत जागच्या जागी थरथरतात. वीजकेंद्रातून निघालेला इलेक्ट्रॉन तुमच्या पंख्यापर्यंत कधी येतच नाही. येते ती बातमी, आणि बातमीचा वेग प्रकाशाशी तुलना करावा असा.

घट इलेक्ट्रॉन पुरवत नाही. ते तारेत आधीपासून खच्चून भरलेले असतात. घट पुरवतो तो फरक, म्हणजे विभवांतर: दीड व्होल्टचा असेल तर दर कूलोम प्रभारामागे दीड जूल.

फरकाला दोन टोके लागतात. एकाच उघड्या तारेवर दोन्ही पाय ठेवून बसलेला कावळा म्हणून निवांत असतो. वायरमनच्या खिशातल्या टेस्टरलाही हे ठाऊक आहे. पाते नुसते फेजला टेकवले तर काही होत नाही. मागच्या टोपीवर बोट ठेवले की आतली निऑनची नळी नारिंगी होते. परिपथ पुरा करणारी वस्तू म्हणजे आपणच. पायात रबरी चप्पल असली तरी ती पेटते, कारण धारा उलटसुलट होत असली की शरीर आणि जमीन मिळून कपॅसिटरचे काम करतात. नळीसोबत सुमारे दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो, त्यामुळे अंगातून जाते ती पाव मिलिअँपिअरच्या आतली धारा, जाणवतही नाही. त्या दाण्याएवढ्या रोधाच्या भरवशावर माणूस २३० व्होल्टच्या वाटेत उभा राहून शांतपणे म्हणतो, "आहे लाइट."

रांगेचा हिशेब डोक्यातून काढायला आणखी एक प्रयोग आहे. मुलांनी बघावा, हात जाणकाराचा असावा. ४० आणि १०० वॅटचे जुने पिवळे बल्ब एकसर जोडून मेनला लावायचे. चाळीसचा बऱ्यापैकी प्रकाश देतो. शंभरचा जेमतेम तांबूस होतो. वॅट हा बल्बचा जन्मजात गुण नसतो, २३० व्होल्ट मिळाले तरच्या कराराचा तो आकडा असतो. एकसर जोडणीत धारा दोघांना एकच, मग ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला विभवांतर जास्त. पण गंमत पुढे आहे. शंभरची तार थंड राहते म्हणून तिचा रोध आणखी कमी, आणि रोध कमी म्हणून ती आणखी थंड. गाइडातले गणित दोन्ही रोध ठरलेले धरते. गणित सुटते, बल्ब सुटत नाही.

ओहमचा नियम व्ही, आय, आर या तीन अक्षरांत मावतो, म्हणून तो सोपा असेल असे आपण धरून चालतो. गेओर्ग ओहम हा कुलुपे बनवणाऱ्याचा मुलगा, कोलोनच्या शाळेतला मास्तर. व्होल्टाच्या १८०० सालच्या बॅटरीने वीज वाहती ठेवली होती खरी, पण तिचा जोर बघता बघता उतरे. अशा उतरत्या जोरावर मोजणार काय? १८२६ मध्ये पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ओहमने ती बाजूला ठेवली आणि बिस्मथ-तांब्याचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. विभवांतर अगदी थोडे, पण ठाम. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडत तो चुंबकसूची किती वळते ते टिपत गेला. ज्या काळात मोठी बॅटरी बांधणे हा पराक्रम होता, त्या काळात त्याने छोटी आणि स्थिर निवडली. मला यातच त्याची बुद्धी दिसते. त्याच्या समीकरणात नुसती जोडलेली तार नव्हती, उरलेल्या सगळ्या परिपथाचा रोधही होता. आपण शाळेत शिकतो तो नियम तारेचा; त्याने लिहिला तो अख्ख्या वेटोळ्याचा. १८२७ मध्ये पुस्तक निघाले. जर्मनीत त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ले पदक दिले.

गणपतीच्या मखरावरची जुन्या तऱ्हेची माळ: सहा-सहा व्होल्टचे अडतीसेक बल्ब एकसर. एक गेला की सगळे गेले. चांगला बल्ब घ्यायचा, प्लग काढून एकेका जागी तो घालून बघत जायचे. दोन गेले असतील तर उपाय सकाळपर्यंत चालतो.

घराचे वायरिंग म्हणून समांतर. प्रत्येकाला पुरे २३० व्होल्ट, कोणाचे कोणावाचून अडत नाही. पण वाटा वाढल्या की एकूण रोध घटतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. गीझर, इस्त्री आणि मिक्सर एकाच लाइनवर आले की भिंतीतली तार त्यांच्या धारांची बेरीज तापून दाखवते. फ्यूज ही त्या परिपथात मुद्दाम ठेवलेली दुबळी जागा. तिथे तांब्याची जाड तार बांधणारा दुबळी जागा काढून टाकत नाही. ती भिंतीत कुठेतरी नेऊन ठेवतो.

किरचॉफने परिपथांचे आपले नियम १८४५ मध्ये मांडले, तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्यातला एक: सांध्यात जेवढी धारा येते तेवढीच बाहेर पडते. एवढेच? हो, एवढेच. घरात फेजमधून आलेली सगळी धारा न्यूट्रलमधून परत जाते. बिल येते ते ऊर्जेचे. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल.

हा हिशेब क्षणोक्षणी तपासणारे एक यंत्र हल्ली मेन बोर्डावर असते, आरसीसीबी. तिच्या आत फेज आणि न्यूट्रल एकाच चुंबकीय कड्यातून ओवलेले असतात. जाणारी आणि येणारी धारा सारखी असेल तर दोघींचा परिणाम एकमेकीला खाऊन टाकतो आणि कड्याला काही कळत नाही. घरगुती आरसीसीबीत साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पुरतो. तेवढी धारा भलत्या वाटेने जमिनीत उतरली, ओल्या भिंतीतून किंवा कोणाच्या अंगातून, की निमिषात सगळे बंद. कोणत्या खोलीत, कोणामुळे, हे ती विचारत नाही. पावसाळ्यात ओल धरलेल्या गीझरमुळे ती दिवसातून चारदा पडते, घरचे वैतागतात, वायरमनला फोन जातो. तो येतो, बोर्ड उघडतो, तिला बाजूला करून तारा डायरेक्ट जोडतो आणि पेचकस पुसत सांगतो, "काही नाही हो, फार सेन्सिटिव्ह असते ती."