पोटासाठी बाटले

जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे, नारायण शेषाद्रींनी वसवलेली. शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढं आमच्या भागात आले, निजामाच्या राजवटीत जमीन मिळवली आणि गावकुसाबाहेरच्या माणसांना तिथं वसवलं. आमच्या पारावर बेथेलचं नाव निघालं की कुणीतरी म्हणायचंच, "पोटासाठी बाटले." मीही म्हणायचो. मी तर देवच मानत नव्हतो, त्यामुळं मला दोन्हीकडच्यांना हसायची मोकळीक!

मग वाचनालयात बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' हाती लागलं. बेळगावच्या कासाराचं पोर. मुंबईत परमहंस मंडळीत जायचं. तिथं जात मोडायची म्हणून ख्रिस्त्यानं भाजलेला पाव खायचे, पण गुपचूप. जुन्या देवांवरचा विश्वास उडालेला, नवा अजून बसलेला नाही. ही जागा माझ्या ओळखीची. माझं उभं आयुष्य तिथंच गेलं, कारण तिथं खिशातून काही जात नाही. पदमनजींनी मात्र 1854 साली उघड बाप्तिस्मा घेतला, जातभाई तुटतील हे ठाऊक असून.

याला कुणी पोटासाठी म्हणणार नाही. पण मग तोटा सोसेल त्याचीच श्रद्धा खरी, असं धरायचं का? तसं धरलं तर बेथेलची माणसं खोटी ठरतात. हे काही मला पटंना.

बहात्तरच्या दुष्काळात मी आईबरोबर खडी फोडायला जायचो. सुकडी मिळायची. अमेरिकेची लाल मिलो खाऊन आम्ही जगलो. पण त्या भाकरीनं आमच्या घरात कुणाचा देव बदलला नाही. आईच्या कपाळाला भंडारा खंडोबाचाच राहिला. म्हणजे नुसत्या भाकरीनं हे होत नाही. ज्याला कुणी विहिरीवर चढू दिलं नाही, त्याला कुणीतरी शेजारी बसवलं, त्याच्या लेकराच्या हाती पाटी दिली. ते त्याला पोटाचं वाटलं असेल का देवाचं? आणि विहिरीवरून हाकलणारे कोण, तर आमचेच आजे-पणजे.

देव मी आजही मानत नाही. पण परवा पारावर पुन्हा तेच बोलणं निघालं, तवा मी विचारलं, "आपल्या विहिरीचं पाणी त्यांना कोणत्या साली मिळालं रे?"

कुणी बोललं नाही. एकानं तंबाखू मळायला घेतली.